संघाच्या पानावरचा प्रश्न

४ ऑक्टोबर १९९९, सोमवार

वेबसाइट गेली! गेली म्हणजे जागेवर आहे, पण आपली राहिली नाही.

सकाळी इंदापूरला ऑफिस उघडलं, मोडेम लावला. त्याची ती शिट्टी-खरखर झाली, पुण्याचा नंबर लागला. पान हळूहळू वरून खाली उघडायला लागलं. हिरवी पट्टी नाही. अध्यक्ष दत्तोबा आबांचा फेट्यातला फोटो नाही. दुबईच्या व्यापाऱ्यांसाठी डिक्शनरी उघडून लिहिलेलं माझं इंग्रजी नाही. त्या जागी एकच मोठा फोटो. डाळिंबाची पेटी भरणारे बाईचे दोन हात, तोंड दिसत नाही. खाली मराठीत —

तोडणी बाईची, प्रतवारी बाईची, पेटी बाईची.
संघ कुणाचा?
बाई सभासद: शून्य.

खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो असा — मराठी अक्षरं काय सुरेख उठलीत! मला कधी जमली नाहीत, चौकोन-चौकोन दिसतात. यानं अक्षरांचं चित्र करून लावलंय. हुशार.

मग रडू आलं. बावडा फळबागायतदार संघाची वेबसाइट म्हणजे माझं लेकरू आहे. श्रावणात सुरू केली. सगळा तालुका बघायला आला होता. आबा प्रत्येकाला सांगायचे, “हितनं दुबई दिसती.”

आबांना फोन केला. तासाभरात जीप दारात. स्क्रीनसमोर हात मागं बांधून उभे राहिले. वाचलं. कान लाल झाले.

“बापूसाहेब,” एवढंच म्हणाले.

संघाची निवडणूक डिसेंबरात. बापूसाहेबांचं पॅनेल आबांच्या विरोधात उभं आहे, आणि ‘संघ कुणाचा?’ ही त्यांचीच घोषणा. बावड्यापासून अंथुर्ण्यापर्यंत भिंतीभिंतीवर रंगवलीय. मग दुसरं कोण असणार?

जुनं पान फ्लॉपीवर होतं म्हणून वाचले. दुपारपर्यंत परत चढवलं. आबांचा फेटा पुन्हा दिसला तेव्हा जीव भांड्यात पडला.

संदेश एसटी स्टँडवर न्यायला आला होता. सगळं सांगितलं तर नवरा म्हणतो काय, “मग आता तू मोठी झालीस. लहान माणसाच्या घरावर कोण दगड मारतं?” गाडीवर मागं बसून हसत हसत घरी आले.

५ ऑक्टोबर

आबा मला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदार चांगला माणूस. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “वेबसाइट कुठं हाय? जागा दाखवा, पंचनामा करू.”

म्हटलं, कंप्युटर पुण्याला आहे, तिथल्या कंपनीत.

“मग गुन्हा पुण्याला. तिकडं जावा.”

बाहेर येऊन आबा मला म्हणाले, “ही वाय-टू-के का काय म्हणत्यात, ती तर न्हाय?” नाही म्हटलं. त्याला अजून अवकाश आहे.

पुण्याच्या कंपनीला फोन लावला. तिथला पोरगा चहा पीत बोलत असावा. म्हणाला, “मॅडम, कुणी कुलूप फोडलेलं नाही. किल्ली लावून आत आलंय. पासवर्ड बरोबर दिलाय. तुमचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?”

विचार केला आणि कपाळावर हात मारला. पासवर्ड — dalimb. आबा गणपतीत स्टेजवरून बोलले होते, “आमच्या वेबसाइटचा पासवर्डसुदिक डाळिंब हाय!” टाळ्या पडल्या होत्या. मीही वाजवल्या होत्या.

लगेच बदलला. dalimb99 केला. कुणाला सांगितला नाही.

७ ऑक्टोबर, गुरुवार

परत! तेच हात, तीच पेटी, तोच प्रश्न. फक्त खाली एक ओळ जास्त — ‘उत्तर द्या, पान पुसू नका.’

वाशीच्या एक्स्पोर्टरचा फोन आला. “ताई, तुमच्यात काही भांडण आहे का? माझा दुबईचा माणूस विचारतोय.” पुढच्या महिन्यात माल निघायचाय. मी तोंडाला येईल ते इंग्रजी-मराठी बोलून वेळ मारून नेली.

९९ लावून कुणी फसत नाही, एवढं आज कळलं.

८ ऑक्टोबर

आज दिवसभर एकच काम. पुण्याच्या पोराशी चांगली ओळख झाली. त्यानं समजावून सांगितलं, मी करत गेले. पासवर्ड असा की त्याला अर्थच नाही — अक्षरं, आकडे, लहानमोठं सगळं मिसळून. मेलचा वेगळा, वेबसाइटचा वेगळा. मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी फाडून चुलीत. पानाची एक फ्लॉपी ऑफिसात, एक घरी कपाटात साडीच्या घडीत. ज्या जुन्या फायली लागत नाहीत त्या सर्व्हरवरून काढून टाकल्या. रोज सकाळी आधी पान बघायचं, मग बाकीचं. आणि कुणी कधी काय चढवलं याची नोंद कंपनीकडून आठवड्याला मागवायची.

आबांनी विचारलं, “नवा पासवर्ड काय?”

म्हटलं, “आबा, सांगत न्हाय.”

“मी अध्यक्ष हाय.”

“म्हणूनच न्हाय.”

शिपाई तोंड फिरवून हसला. आबा रागावतील वाटलं, पण मान हलवत गेले. दारातून मागं वळून म्हणाले, “माझ्या सुनंनं तिजोरीची किल्ली अशी धरली असती तर लई बरं झालं असतं.”

घरी येताना एसटीत खिडकी मिळाली. उसाला तुरे यायला लागलेत. उगाच गाणं गुणगुणत आले.

१२ ऑक्टोबर

वाईट झालं.

सोपान — इंदापूरला त्याचा कंप्युटर क्लास आहे. बारामतीला डिप्लोमाला आम्ही एकाच बाकावर होतो, मला माऊस धरायला त्यानंच शिकवलं. तो बापूसाहेबांच्या भावकीतला. काल आबांचा पुतण्या दादासो चार पोरं घेऊन गेला आणि सोपानच्या क्लासच्या पाटीला काळं फासलं. “तूच केलंस. तुझ्याशिवाय हितं कुणाला येतंय?”

सोपान दुपारी मला भेटायला आला. ऑफिसात आला नाही, समोर रसवंतीजवळ उभा राहिला.

“संजीवनी, तुलाबी तसंच वाटतं का?”

“न्हाय रे.”

“मग सांग की त्यांना.”

“काय सांगू? केलं कुणी तेच कळंना.”

तो हसला, पण ते हसू बघवेना. म्हणाला, क्लासच्या तीन पोरींचं येणं आईबापांनी बंद केलंय. राजकारणातला क्लास म्हणून!

१३ ऑक्टोबर

आबा रोज विचारतात — सापडला का? जणू मी बोका पकडायला बसलेय.

१७ ऑक्टोबर, रविवार

आज सुट्टी. सकाळी भरली वांगी केली, संदेशनं दोनदा घेतली. आत्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, गोजरबाई. इंटरनेटवर त्यांचा विश्वास नाही. फोनच्या तारेतून फोटो कसा येईल, फाटणार नाही का, असं म्हणतात.

मी त्या पानाची छापलेली प्रत घरी आणली होती. म्हटलं बघावं काही खूण सापडते का. आत्यांच्या पुढ्यात ठेवली सहज.

आत्यांनी शेंग हातात तशीच धरली. वाकून बघितलं. मग म्हणाल्या, “ह्यो माझा हात हाय.”

“काय आत्या!”

“अगं, बांगडी बघ. ही पिचकी बांगडी अजून हातात हाय.” आणि मनगट पुढं केलं. खरंच! काळ्या-पांढऱ्या छपाईतही कळत होतं. “आबाच्या शेडात काढलाय. गेल्या बहाराला. आबाची पोरगी काढत व्हती, राजनंदिनी. मी म्हणलं तोंड काढू नगं बाई, पदर न्हाय धड. तर म्हणली, मावशी, हातच पायजेत.”

मी उठून आत गेले आणि तांब्याभर पाणी प्याले.

राजनंदिनी. आबांची धाकटी. बारामतीला कॉलेजात, हॉस्टेलवर राहते. गणपतीत बापाच्या भाषणाला पहिल्या रांगेत बसलेली.

आत्या मागून आल्या. “काय झालं? हात वाईट दिसतो का?”

“न्हाय आत्या. लई चांगला दिसतो. दुबईला दिसला.”

त्यांनी तोंडाला पदर लावला. दिवसभर अधूनमधून मनगटाकडं बघत होत्या.

१९ ऑक्टोबर, दसरा

पूजा. कंप्युटरला हळदकुंकू, झेंडू, फ्लॉपीलाही! संदेशनं गाडी धुऊन हार घातला. सगळ्यांना आपट्याची पानं दिली.

आबांना सोनं द्यायला त्यांच्या घरी गेलो. साखरकाकू — आबांच्या मंडळी — श्रीखंड घेऊन आल्या. काकू कमी बोलतात. मला म्हणाल्या, “घे अजून. वाळलीस.” आबा सोपानला शिव्या देत होते. मी श्रीखंडाकडं बघत बसले. सांगावं का? जिभेवर आलं होतं.

पण मुलीनं सांगायच्या आधी मी बापाला सांगायचं? ते काही पटेना.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

बारामतीला गेले. पिंपळीला माहेरी जाते म्हणून निघाले आणि गेलेही, पण आधी कॉलेजात. राजनंदिनी झाडाखाली मैत्रिणींत बसली होती. मला बघून लगेच उठली. तिला कळलं.

कँटीनमध्ये दोन चहा घेऊन बसलो.

“माझ्या आत्यांचा हात हाय तो,” मी म्हटलं.

तिनं मान खाली घातली नाही. “मला वाटलंच वहिनी, तुमीच येणार.”

“कसं केलंस?”

“इथं सायबर कॅफे झालाय. फोटो तिथंच स्कॅन केला. पासवर्ड बाबांनीच सांगितला, स्टेजवरून.”

“आणि दुसरा?”

“९९ लावून बघितला.” मग जरा हसली. मला राग यायला हवा होता, पण मीही हसले.

“का गं पण? बापाची निवडणूक. त्यांचीच पोरगी तू.”

“म्हणूनच. बापूसाहेब लिहितात संघ कुणाचा, आणि त्यांच्या पॅनेलमध्ये तरी बाई आहे का एक? दोघांनाबी विचारायचं होतं. घरी विचारलं तर बाबा म्हणतात अभ्यास कर. सभेत मला बोलू देणार नाहीत, मी सभासद नाही. मग कुठं विचारू? चोरी केली का मी? प्रश्न विचारला.”

प्रश्न खोटा नव्हता. मी स्वतः संघात काम करते आणि माझ्या कधी डोक्यात आला नाही.

तरी म्हटलं, “हे बघ. दाराला कुलूप नव्हतं म्हणून कुणाच्याबी घरात शिरून भिंत रंगवायची न्हाय. ते पान मी केलं होतं, रात्रंदिवस बसून. ते तू पुसलंस. आणि तुझ्या प्रश्नापायी सोपानच्या पाटीला काळं लागलं.”

ते तिला माहीतच नव्हतं. चेहरा उतरला.

“कुणी?”

“तुझ्या चुलतभावानं.”

चहा तसाच राहिला. कप फिरवत राहिली. मग म्हणाली, “बाबांना मी सांगते. रविवारी येते.”

“नक्की?”

“तुमी असाल तिथं?”

“असंन.”

२४ ऑक्टोबर, रविवार

आली. मी आधीच जाऊन बसले होते, काकूंना शेवया करू लागायचं निमित्त.

आबा ओसरीवर पेपर वाचत होते. ती समोर उभी राहिली आणि एका दमात सांगून टाकलं. माझे हात शेवयांत, कान बाहेर.

आबा म्हणाले, “तू?”

“व्हय.”

“बापूसाहेबांनी शिकवलं?”

“न्हाय बाबा. आईकडं बघून सुचलं.”

आत साखरकाकूंचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. मी त्यांच्याकडं बघितलं, त्या माझ्याकडं बघेनात.

आबा चपला घालून मळ्यात निघून गेले. जेवायला आले नाहीत. राजनंदिनी रडली नाही, उलट दोन वाट्या शेवया खाल्ल्या. म्हणाली, “आता हलकं वाटतंय.”

माझं म्हणाल तर — नोकरीची धाकधूक आहे. आबांना वाटेल हिला आधीच कळलं होतं. कळलंच होतं.

२७ ऑक्टोबर

आबा तीन दिवस ऑफिसला नाहीत.

मी मात्र रोज सकाळी पान बघते. जागच्या जागी आहे.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

लिहायला कुठून सुरुवात करू!

सकाळी घरी जीप आली. आबा, आणि मागं दादासो — हातात रॉकेलचा डबा आणि फडकी. मला भलतंच वाटलं. आबा म्हणाले, “चल संजीवनी, सोपानकडं.”

भर बाजारात, सगळे बघत असताना, दादासोला स्टुलावर चढवलं आणि पाटी पुसायला लावली. तो कुरकुरला तर आबांनी फडकं हातातून घेतलं आणि स्वतः स्टुलावर पाय ठेवला. तेव्हा मात्र दादासो ओशाळला. “राहू द्या काका, मी करतो.”

सोपान दारात उभा. आबा त्याला म्हणाले, “बाळा, चूक झाली. माझ्याच घरचं होतं आणि तुझ्यावर घातलं.”

सोपान म्हणाला, “आबा, चहा घ्या.” बस्. एवढंच. दोघं आत जाऊन बसले. त्यानं आबांना माऊस हातात दिला. आबांनी तो उचलून टेबलाच्या वर हवेत फिरवला! मी पोट धरून हसले, आबाही हसले.

जीपमध्ये बावड्याला परत येताना मला म्हणाले, “तुला ठाऊक होतं?”

“व्हय आबा. आठवडाभर आधी.”

“मला का न्हाय सांगितलंस?”

“तिनं सांगावं असं वाटलं.”

वनगळीच्या पुढं आल्यावर म्हणाले, “किल्ली तुझ्याकडंच राहू दे.”

१० नोव्हेंबर, भाऊबीज

पिंपळीला. आईच्या हातचं अनारसं. भावानं साडी घेतली, मोरपंखी. संदेशनं नेसायला लावली आणि मग म्हणतो, “फ्लॉपी या घडीत ठेवू नको, ही रोज नेस.” सुखात आहे मी. उगाच लिहून ठेवते.

२१ नोव्हेंबर, रविवार

संघाची सर्वसाधारण सभा. मंगल कार्यालय गच्च. निवडणुकीच्या आधीची सभा, म्हणून बापूसाहेबांची माणसं एका बाजूला, आबांची दुसऱ्या. मी मागं, हजेरीच्या टेबलाशी.

आबा उठले. वाटलं अहवाल वाचतील. म्हणाले, “वेबसाइट कुणी बिघडवली म्हणून मी बापूसाहेबांचं नाव घेतलं. माफी मागतो. ते माझ्या पोरीनं केलं.”

असा गलका! बापूसाहेब उभे राहिले, मिशीवर हात. “मग आता? पोरीला शिक्षा काय?”

“तिला मी बोललोय, ते आमच्या घरचं. पण तिनं विचारलेल्याचं उत्तर तुमी द्या, मीबी देतो. तुमच्या पॅनेलात बाई किती?”

बापूसाहेब खाली बसले. म्हणजे बसलेच.

मागून कुणीतरी ओरडलं, “बायकांना कुणी अडवलंय? शेअर घ्यावा की!” त्यावर दुसरा, “सातबारा कुणाच्या नावानं हाय तुझ्यात?” ओरडणाऱ्यानं टोपी सारखी केली.

ठराव झाला: घरातल्या बाईला नवऱ्याबरोबर जोडसभासद करून घ्यायचं. मतदानाचा हक्क मात्र पुढच्या वर्षापासून, या निवडणुकीला नाही. राजनंदिनीला कळवलं तर फोनवर म्हणाली, “अर्धंच.” म्हटलं, अर्ध्यावर नाचू दे मला आज.

२९ नोव्हेंबर

नवं पान चढवलं! आबांचा फेटा आहेच, थोडा लहान केला. त्याच्या खाली पेटी भरणाऱ्या हातांचा तोच फोटो, आता आमच्या परवानगीनं. राजनंदिनीनं मराठी अक्षरांचं चित्र करायला शिकवलं, सोपाननं फोटो स्वच्छ करून दिला. खाली नाव घातलं — गोजरबाई, बावडा.

संध्याकाळी आत्यांना छापून दाखवलं. वाचता येत नाही, पण नावावरून बोट फिरवलं. “हे मी?” “व्हय आत्या.” “कुणी पुसणार न्हाय ना?”

म्हटलं, “हात लावून बघू दे कुणाला!”

६ डिसेंबर, सोमवार

अर्ज भरायचा शेवटचा दिवस. वेळ संपत आली असताना साखरकाकू ऑफिसात आल्या. एकट्या, एसटीनं. आबा डबा विसरले असतील म्हणून मी उठले, तर काकू सरळ निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलाशी. संचालकपदाचा अर्ज!

अधिकारी म्हणाले, बाई, सभासद असावं लागतं. काकू म्हणाल्या, “हाय की.” अंथुर्ण्याचे त्यांचे वडील वारले तेव्हा त्यांचा शेअर काकूंच्या नावावर झालेला, बारा वर्षांमागं. त्यावर सही आबांचीच. आबा विसरून गेले, आम्ही कुणी विचारलं नाही, काकू कधी बोलल्या नाहीत. शून्य कधीच नव्हतं!

आबा खुर्चीतून अर्धवट उठले होते. आवाज बारीक झाला त्यांचा. “अगं, आधी सांगायचं. पॅनेलात घेतलं असतं. सूचक कोण घेतलास?”

काकूंनी पदर नीट केला.

“बापूसाहेब.”